कसारा ते दादर, व्हाया खोडाळा: चार दिवसांचं अपडाऊन

‘अपडाऊन’ हा शब्द आमच्या पट्ट्यात मराठीच झालाय. ‘ती टिटवाळ्याहून अपडाऊन करते’, ‘ह्यांचं तीस वर्षं अपडाऊन झालं’, असं सहज बोललं जातं. मी कल्याणमधल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. गाभा आणि परीघ, म्हणजे भरभराटीचं केंद्र आणि त्याच्यावर अवलंबून असलेला भोवतालचा प्रदेश, शिकवायची वेळ आली की फळ्यावर एकात एक वर्तुळं काढते. मधलं भरीव, बाहेरचं पोकळ. मग प्रादेशिक नियोजनाचा अभ्यासक जॉन फ्रीडमन, १९६६, प्रदेशांचे प्रकार, बाण आत, बाण बाहेर. यंदा फेब्रुवारीत उंबरमाळीहून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, बाहेरच्या वर्तुळातून आतल्या वर्तुळात जायला किती वेळ लागतो, ते यात कुठे दाखवायचं?”

ती रोज पहिल्या तासाला उशिरा यायची. मी तिला दोनदा बोललेही होते. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत बॅग भरली आणि कसाऱ्याला मावसबहिणीकडे राहायला गेले.

पहिला दिवस : कसारा – सीएसएमटी – कसारा

ताईने चार वाजता उठवलं. बाहेर काळोख आणि घाटाकडून येणारा गार वारा. स्टेशनच्या रस्त्यावर मात्र जाग होती. घोटी-इगतपुरीकडून काळ्यापिवळ्या जीप येऊन थांबत होत्या आणि एकेकीतून दहा-दहा माणसं उतरत होती. त्यांचा प्रवास अडीच-तीनलाच सुरू झालेला असणार.

कसाऱ्याला लोकल संपते, त्यामागे सह्याद्री आहे. रेल्वे इथवर १८६१ मध्ये आली आणि पुढचा थळ घाट चढून इगतपुरीला पोचायला १८६५ उजाडलं. चढ असा आहे की घाट चढणाऱ्या गाड्यांना आजही कसाऱ्यात मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. तिकडे कर्जतला बोरघाटाने लोकल तशीच अडवली. मुंबईचा रोजचा परीघ कुठे थांबायचा हे डोंगरांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. आता तोही ओलांडला जातो म्हणा. नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने रोज जा-ये करणारे पासधारक कितीतरी आहेत.

लेडीज डब्यात खिडकी मिळाली. समोर पन्नाशीतल्या एक मावशी बसल्या. परळच्या एका रुग्णालयात आया आहेत. खर्डीच्या आत असलेल्या पाड्यावर राहतात, पण काल कसाऱ्याला लेकीकडे मुक्कामाला होत्या म्हणून इथून बसल्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत भाकरीचा डबा आणि दोन-दोन लिटरच्या दोन रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या. मला वाटलं, भंगारात द्यायच्या असतील.

“एरवी घरून किती वाजता निघता?”

“साडेतीनला उठते. चारला पायी निघायचं, पाऊण तास. कधी कुणाची मोटारसायकल मिळते.”

“आणि परत?”

“साडेआठ, नऊ. गाडी रखडली तर धरायचं नाही.”

उंबरमाळी, खर्डी, तानशेत, आटगाव. प्रत्येक स्टेशनात अंधारातून माणसं उगवत होती आणि आपापल्या ठरलेल्या जागी चढत होती. कोण कुठे बसणार हे वर्षानुवर्षं ठरलेलं. एका स्टेशनात गाडी वीस मिनिटं उभी राहिली. मागून लांब पल्ल्याची गाडी आली आणि पुढे निघून गेली. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे दोनच मार्गिका आहेत, त्यावरच मेल, मालगाडी आणि लोकल. डब्यात कुणी काही बोललं नाही. एका मुलीने फक्त मोबाईलवर ‘सर, गाडी थांबवलीय’ असं टाइप केलं. हा मेसेज तिच्या फोनमध्ये तयारच असावा, इतक्या झटकन गेला.

आसनगावला बसायच्या जागा संपल्या, टिटवाळ्याला उभं राहायच्या. शेजारच्या डब्यातून टाळ-मृदंग ऐकू येऊ लागला. भजनी मंडळींचा डबा होता तो. कल्याणला जे आत घुसलं त्याला गर्दी म्हणणं अपुरं आहे. आणि त्या दाटीतही एक शिस्त होती, ती मला फार जवळून दिसली. चढलेली बाई बसलेलीला नुसतं विचारते, “कुठे?” उत्तर येतं, “ठाणे.” झालं. ठाण्याला ती जागा हिची. दुसऱ्या कुणी विचारलं तर बसलेलीच सांगते, “दिलीय.” अर्ध्या फुटाच्या फळीचं हे हस्तांतर, ना कागद ना साक्षीदार, पण कुणी ते मोडत नाही. मी खिडकीत बसले होते आणि मला तर कुठेच उतरायचं नव्हतं. दिवा स्टेशनच्या आधी एका गरोदर मुलीला जागा देऊन उठले.

मुंब्र्याच्या वळणावर बायका दारातल्या पोरींना आत ओढत होत्या. जून २०२५ मध्ये याच वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारातली माणसं खाली पडली, काही जिवाला मुकली. दारात उभं राहणारे उनाडक्या करतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सकाळी कल्याणला चढून दाखवावं. आत जागा नसते म्हणून माणूस दारात असतो.

दादरला मावशी उतरल्या. “चला बाई, आता स्लो धरायची.” मी सीएसएमटीपर्यंत गेले. कसाऱ्याहून साधारण १२० किलोमीटर. याच टोकावरच्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी ठाण्याला गेली होती, ३४ किलोमीटर. तेव्हा ठाणं म्हणजे ‘बाहेर’.

फलाटावरच्या बाकावर बसून वहीत हिशेब मांडला. मावशींचा प्रवास पायपीट धरून रोज सहा तास. वर्षाला तीनशे दिवस म्हटलं तरी अठराशे तास. चोवीसने भागलं की पंचाहत्तर दिवस. वर्षातले अडीच महिने, रात्रंदिवस, ही बाई रस्त्यात असते. माणूस रोज साधारण तासभर प्रवास सोसतो आणि शहरं त्या हिशेबाने पसरतात, असं एक प्रसिद्ध निरीक्षण आहे. मीही ते वर्गात सांगते. मावशींच्या आयुष्यात ते सहापट मोडलं आहे.

दुसरा दिवस : खर्डी आणि आतले पाडे

मावशींची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. “या घरी,” म्हणाल्या होत्या. बहिणीच्या दिराने स्कूटरवरून सोडलं. करवंदीच्या जाळ्या लगडल्या होत्या. पळसाची पानं कोवळी. बाकी जमीन भाजल्यासारखी.

शहापूर तालुका म्हणजे मुंबईचा माठ. तानसा धरण १८९२ चं. मग वैतरणेवरचं मोडकसागर, पुढे भातसा, अगदी अलीकडे २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. तिच्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी एवढेच शहराच्या हद्दीत आहेत आणि ते अगदी लहान. साठवणीचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. तानशाचं पाणी उतारानेच नळांतून मुंबईकडे जातं. भातसाचं नदीपात्रातून पिसे गावाजवळच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उपसून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात नेतात. त्या नळांचा घेर असा की आत माणूस ताठ चालत जाईल.

मावशींच्या पाड्यावर एक विहीर. आम्ही पोचलो तेव्हा तिथे तीस-चाळीस हंडे रांगेत होते, बायका सावलीला बसल्या होत्या. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. तळाशी कातळ. कातळाच्या एका खोबणीत पाणी झिरपत होतं आणि दहा-बारा वर्षांची एक मुलगी आत उतरून स्टीलच्या वाटीने ते कळशीत भरत होती. वाटी बुडवायची नाही, तिरकी टेकवायची, म्हणजे गाळ ढवळत नाही. पाऊण वाटी. थांबायचं, पुन्हा झिरपू द्यायचं. मग पुन्हा पाऊण वाटी. मी घड्याळ लावलं. एक कळशी भरायला एकवीस मिनिटं.

दुपारी टँकर आला. त्याने पाइप विहिरीत सोडला आणि पाणी खाली ओतलं, आणि मग बायकांनी तेच पाणी पोहऱ्याने पुन्हा वर ओढलं. घरोघरी नळ नाही, साठवायला टाकी नाही, म्हणून विहीर हीच टाकी. कातळाच्या भेगांतून त्यातलं किती निसटलं कोण जाणे. “धरण उशाला, कोरड घशाला,” एक आजी म्हणाली. ही म्हण मी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत शंभरदा वाचलीय. ती बोलली तेव्हा तिच्या डोक्यावर हंडा होता आणि डोंगराच्या पलीकडे खरोखर धरण होतं.

फ्रीडमनच्या वर्गवारीत गाभा असतो, वर चढणारे प्रदेश असतात, उतरणीला लागलेले प्रदेश असतात आणि साधनसंपत्तीची सीमा असते, म्हणजे जिथून गाभ्याला कच्चा माल मिळतो तो प्रदेश. हे मी पाठ म्हणू शकते. पण साधनसंपत्तीच्या सीमेवर माणसं राहतात आणि त्यांना तहान लागते, हे मी मुलांना कधी नीट सांगितलं नाही. शहराने पाणी घेऊ नये असं मी म्हणत नाही. मीही धरणाचंच पाणी पिते, माझी भावंडं मुंबईतच आहेत. पण १८९२ पासून पाणी नेण्याची वाट अखंड वाढत गेली आणि परत देण्याची वाट अजून टँकरवर आहे, हे बरोबर नाही. उपाय कुणाला माहीत नाही असंही नाही. इगतपुरीजवळच्या भावली धरणातून शहापूरच्या गावांना उताराने पाणी आणण्याची योजना मंजूर आहे, तिची कामं निघाली आहेत. पाड्यावरच्या प्रत्येक बाईला ‘भावली’ हे नाव ठाऊक आहे.

त्या रिकाम्या बाटल्यांबद्दल मावशींना तिथेच विचारलं. “सासूबाईंना मुतखडा आहे. डॉक्टर म्हणाले चांगलं पाणी द्या. कामावर फिल्टर आहे, तिथून आणते.”

“रोज?”

“ड्युटी असेल तेव्हा रोज. चार लिटर होतं.”

जेवायला नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. पाणी मागायला मला धीर झाला नाही. मावशींनी न मागता तांब्या पुढे केला.

तिसरा दिवस : कसारा – खोडाळा – जव्हार – डहाणू

डहाणूची लोकल पाहायची होती. लोकलने जायचं तर कसाऱ्याहून कल्याण, दादर आणि मग उलटं वर विरार, डहाणू. नकाशावर ही दोन टोकं शेजारी आहेत, लोकलने ती मुंबईमार्गेच भेटतात. मी रस्ता धरला. जीपने विहीगाववरून खोडाळा, पुढे एसटी बदलत जव्हार आणि डहाणू. पूर्ण दिवस गेला, पण जे पाहिलं ते या चार दिवसांत सर्वांत महत्त्वाचं.

खोडाळ्याला एका कुटुंबाशी गाठ पडली. नवरा, बायको, तीन मुलं, दोन बोचकी, एक पातेल्यांचा ढीग आणि टोपलीत कोंबडी. भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून परतत होते. दिवाळीनंतर गेलेले. या भागात कामासाठी गाव सोडण्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. “यंदा कुठं जगायला गेला होतात?” असं एकमेकांना विचारतात. भट्टीमालक पावसाळ्यात उचल देतो, मग ती फेडायला सगळं घर जातं, हजार विटांच्या भावाने धरलेल्या मजुरीतून ती कापली जाते. थोरला मुलगा नऊ वर्षांचा. शाळेचं विचारलं तर म्हणाला, “पावसात जातो.”

खर्डीच्या मावशी आणि हे कुटुंब यांच्या गावांत अंतर तसं थोडं. फरक एका गोष्टीचा, तिथे लोकल आहे आणि इथे नाही. लोकलच्या टप्प्यात राहणारा माणूस मरमरून का होईना रात्री आपल्या घरी येतो, त्याची मुलं एकाच शाळेत जातात, रेशन कार्ड आणि मतदान एका जागी राहतं. टप्प्याबाहेरच्याचं घरच सहा महिने उठतं. मावशींच्या सहा तासांबद्दल मी परवा जे वहीत लिहिलं ते खरंच आहे, पण खोडाळ्याच्या थांब्यावर कळलं की ते सहा तास मिळणं हीसुद्धा परिघातली एक वरची पायरी आहे. परीघ एकसारखा नाही. त्यालाही आतली कड आणि बाहेरची कड आहे, आणि त्या दोन्हींमधली रेघ रेल्वेच्या पासाने आखली आहे.

जव्हार-मोखाडा हा पट्टा १९९२ मध्ये वावर-वांगणी या गावांतल्या बालमृत्यूंनी देशाला माहीत झाला. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा केला, तेव्हा कारभार जवळ यावा हा हेतू होता. कार्यालय जवळ आलं. काम अजून भिवंडी, वसई, कल्याणलाच आहे. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डालने १९५७ मध्ये दोन प्रवाह सांगितले होते. गाभ्याची भरभराट बाहेर पसरते, आणि त्याच वेळी गाभा बाहेरचं मनुष्यबळ, पैसा, कौशल्य ओढून घेतो. एसटीच्या खिडकीतून दोन्ही दिसले. विक्रमगड-जव्हारच्या उतारांवर मोगऱ्याच्या बागा आहेत. पहाटे कळ्या खुडायच्या, पिशव्यांतून स्टेशन गाठायचं आणि दादरच्या फुलबाजारात पोचवायच्या. ज्यांच्याकडे विहीर आणि थोडी जमीन आहे ती कुटुंबं मोगऱ्यामुळे जगायला जाण्यातून सुटली. भाव मात्र दादर ठरवतं.

चौथा दिवस : डहाणू – परळ – कसारा

डहाणूपर्यंत लोकल आली ती १६ एप्रिल २०१३ ला, पहिल्या रेल्वेच्या बरोबर १६० वर्षांनी. गाडीत चिकूच्या करंड्या, मोगऱ्याच्या पिशव्या, कॉलेजची मुलं. बोईसरला एक वेगळंच दृश्य. आमची गाडी मुंबईकडे भरत होती आणि समोरच्या फलाटावर विरार-वसईकडून आलेली माणसं उतरत होती, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. फळ्यावरचे माझे सगळे बाण एकाच दिशेचे असतात. नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडली, तीही बाण फिरवण्यासाठीच. १९७० मध्ये ते शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं, १९९२ मध्ये वाशीला रेल्वे पोचली, २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला आणि आज कसारा पट्ट्यातली कितीतरी मुलं ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीकडे जातात. गाभे वाढले, हे मान्यच करायला हवं.

विरारपुढचं काय सांगू! तिथे आपण चढत नाही, चढवले जातो. महिला विशेष गाडी १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली सुरू झाली, पुढच्या वर्षी विरारपर्यंत आली, त्याचं मोल या फलाटावर उभं राहिल्यावर कळतं.

प्रभादेवीला उतरून परळच्या बाजूला चालत गेले. माझे वडील इथल्या एका गिरणीत साचे चालवत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत तेही होते. चाळीतली खोली सोडून आम्ही कल्याणला आलो. म्हणजे आम्ही गाभ्यातून परिघात ढकललो गेलो, आणि असे ढकलले गेलेले आम्ही एकटे नव्हतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. त्याच काळात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. कामगार चाळीत राहून भोंग्यावर चालत गिरणीत जायचा. त्याच जमिनीवर आता काचेचे मनोरे आहेत आणि त्यांत काम करणारा बदलापूर, विरार, आसनगावहून येतो. काम तिथेच राहिलं, झोपायची जागा पन्नास-शंभर किलोमीटर लांब गेली. स्टेशन मात्र चालत येणाऱ्या कामगारांच्या काळचंच राहिलं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, अरुंद पुलावर पावसाच्या सकाळी चेंगराचेंगरी झाली, २३ जण गेले. त्यानंतर लष्कराने काही महिन्यांत नवा पूल उभारला. काही महिन्यांत होण्यासारखंच ते काम होतं. त्या पुलावर मी थोडा वेळ थांबले. मागून माणसं येत होती म्हणून फार थांबता आलं नाही.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे मावशी दादरला भेटल्या. कसारा गाडी इंडिकेटरवर लागली तशी त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि मला कोपराने खूण केली, “इथे उभ्या राहा, दार बरोबर समोर येतं.” आलं. चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकाची कड, मिळाली, एकीनंतर एक अशा आळीपाळीने बसलो. डोंबिवलीपर्यंत बायका मेथी निवडत होत्या, देठं कागदात गुंडाळून ठेवत होत्या. कल्याणला डबा मोकळा झाला, खिडकीतून वारा आला. मावशींनी पाय वर घेतले आणि दोन मिनिटांत झोपल्या. पिशवीचा पट्टा मनगटाला दोन वेढे घेऊन बांधला होता.

वाशिंद सुटल्यावर त्या गजर लावल्यासारख्या जाग्या झाल्या. फोन लावला, “भाताचं आधण ठेव. हो, आणलंय.” मग पिशवीत हात घालून दोन्ही बाटल्यांची झाकणं चाचपली आणि एक थोडी अधिक आवळली. खर्डीला उतरताना त्यांनी पिशवी आधी खांद्यावर घेतली, मग डोक्यावर. फलाट संपला तिथे दिवेही संपले होते. बॅटरीचा उजेड पायवाटेला लागेपर्यंत मला दारातून दिसत होता.